रिकामे कंस

मंगळवारी सकाळी आईने चहा केला आणि ती शाळेत गेली. वर्गात शिकवताना ती खाली पडली. दुपारी डॉक्टरांनी बाबांना बाहेर बोलावलं. संध्याकाळी मामा आला. तो आमच्या घरी येत नसे. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

अशा वेळी कोणाला बोलावत नाहीत, नुसतं कळवतात. कळवणं आणि बोलावणं यांत आपल्याकडे केवढा फरक आहे. बोलावणं म्हटलं की त्यात मान आला, घरापर्यंत चालत जाणं आलं, कुंकू आणि अक्षता आल्या. कळवायला यातलं काही लागत नाही. कुळगावात कोणीतरी मामाला कळवलं आणि अंगावर होत्या त्या बनियन-लुंगीवर नुसता शर्ट चढवून तो अंबरनाथला आला. दारात थांबला. आत यायचं की नाही, हे त्याला कोणी सांगितलं नाही. मग तो स्वतःच आत आला आणि आईच्या पायांशी बसला.

हे सगळं दर मे महिन्यात पुन्हा आठवतं. त्याचं कारण आई गेली तो दिवस नाही, तो तर दिवाळीनंतरचा. कारण माझा धंदा. बारावीच्या परीक्षा संपतात, उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये विजेच्या खांबांवर सुट्टीतल्या कॉम्प्युटर क्लासचे बोर्ड लागतात आणि त्यांतल्या एका क्लासात मी शिकवते. पहिले काही दिवस बरे जातात. पान कसं तयार करायचं, अक्षरं मोठी कशी करायची, रंग कसे द्यायचे. पोरं लाल पानावर हिरवी अक्षरं काढतात आणि खूश होतात. मग तो धडा येतो. मी फळ्यावर 'फंक्शन' असा शब्द लिहिते आणि पाठमोरी थोडी जास्त वेळ उभी राहते. पोरांना वाटतं, मॅडमचा मार्कर सुकला.

याच खोलीत मी हे शिकले. तेव्हा खिडकीजवळच्या बाकावर माझ्या शेजारी आई बसायची.

ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सरकारने शिक्षकांना कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची केली, तेव्हा तिच्या शाळेतल्या सगळ्या बाया कुरकुरत गेल्या आणि पास होऊन सुटल्यासारख्या परत आल्या. आईचं उलटं झालं. तिला ते आवडलं. माझी बारावी संपली आणि मी वेबपेजच्या क्लासला नाव घालायला निघाले, तर ती चपला घालून दारात उभी. "मी पण येते. सुट्टीच आहे मला. नाहीतर घरी बसून कैऱ्याच किसायच्या." बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "दोघी जा. कैऱ्या मी किसतो." त्यांनी खरंच किसल्या. त्या वर्षीचा छुंदा जाडाभरडा झाला होता.

अंबरनाथहून शेअर रिक्षाने कॅम्प चारला जायचं. उन्हात रिक्षाचं सीट इतकं तापलेलं असे की आई पदर दुमडून खाली घ्यायची. क्लासच्या खाली बटणांचं दुकान होतं. काचेच्या बरण्यांत पितळी, निळी, शिंपल्याची बटणं. शेजारच्या गाळ्यात जीन्स शिवत. त्या मशिनींचा आवाज जिन्यातून वर यायचा आणि नव्या कापडाच्या रंगाचा वास खोलीभर असायचा. अजूनही कुठे नवी जीन्स हुंगली की मला कीबोर्ड दिसतो. हे कोणाला सांगितलं तर हसतील, म्हणून सांगत नाही.

शिकवायला हरेश सर होते. जाड भिंगांचा चष्मा, खिशाला पेनाचा डाग, बोलणं सिंधी वळणाच्या हिंदीत मधूनच मराठी पेरलेलं. वर्गात सगळी माझ्या वयाची मुलं. त्यांनी पहिल्याच दिवशी आईला 'काकू' करून टाकलं. सर मात्र शेवटपर्यंत 'मॅडम' म्हणाले. टीचरला टीचरने मॅडमच म्हणायचं, असं त्यांचं होतं.

त्या दिवशी सरांनी फळ्यावर फंक्शन लिहिलं. आईने मला कोपराने ढोसलं. "फंक्शन म्हणजे?"

आमच्याकडे फंक्शन म्हणजे साखरपुडा, हळद, बारसं, वास्तुशांत, मंडळाचं गॅदरिंग. 'त्यांच्याकडे फंक्शन आहे' एवढं म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही, साडी कुठली नेसायची एवढंच ठरवायचं असतं. इथे सर म्हणत होते, फंक्शन म्हणजे एक काम लिहून ठेवायचं आणि त्याला नाव द्यायचं.

"लिखा ना? अब ये सोता है," सर म्हणाले. "आप लिखके रखो, दस लाइन लिखो, सौ लाइन लिखो. जब तक कॉल नहीं किया, उठेगा नहीं."

"म्हणजे बोलावल्याशिवाय येत नाही?" आईने विचारलं.

"हां मॅडम, बरोबर. बोलवायला लागते त्याला."

"आणि बोलवायचं कसं?"

सरांनी फंक्शनचं नाव लिहिलं आणि पुढे दोन कंस काढले, मध्ये काही नाही. मागच्या बाकावरचा रोशन म्हणाला, "सर, खाली ब्रॅकेट किसलिए? अंदर तो कुछ है नहीं."

"निकालके देख," सर म्हणाले.

रोशनने कंस काढले. काही झालं नाही. पान तसंच पांढरं राहिलं. सरांनी खडू हातात फिरवला. "नाम लिया तूने, बस. नाम लेने से कोई आता है क्या? ब्रॅकेट लगाया तो बुलाया."

वर्ग पुढे गेला. आई तिथेच राहिली. तिने पेन्सिलने बाकावर दोन कंस काढले, समोरासमोर वळवलेल्या दोन तळव्यांसारखे. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "खरंय. नाव तर मी रोज घेते."

ती कोणाबद्दल बोलत होती, ते मला विचारावं लागलं नाही.

मामा तिचा पाठचा नव्हे, थोरला भाऊ. कुळगावच्या पलीकडे आजोळचं घर, थोडी भातशेती, उन्हाळ्यात भेंडी-काकडी, आणि घरामागे जांभळाचं झाड. मेच्या अखेरीला मामा पानं अंथरलेल्या टोपलीतून जांभळं घेऊन यायचा. आम्ही दोघी बहिणी आरशासमोर जिभा काढून कोणाची जास्त जांभळी हे बघायचो आणि मामाला निकाल द्यायला लावायचो. तो दर वेळी आईची जीभ जास्त जांभळी ठरवायचा. "माझी बहीन पयली," म्हणायचा.

मग ताईचा साखरपुडा ठरला, घाईघाईत. आई तेव्हा निवडणुकीच्या कामावर होती, सुट्टी मिळेना. तिने शाळेतून मामाच्या शेजाऱ्याकडे फोन लावला, मामाला बोलावून घेतलं आणि सांगितलं. मामा आला नाही. लग्नालाही आला नाही. ताईच्या मागे मामा म्हणून उभं राहायला दूरच्या नात्यातला एक भाऊ शोधून आणावा लागला. अंतरपाट धरलेला असताना आई त्या माणसाकडे बघायची आणि मान खाली घालायची. नंतर मामाचं बोलणं फिरत फिरत आमच्यापर्यंत आलं. "फंक्शन हाय म्हनं, फोनवर! कुंकू नाय, अक्षत नाय. मी काय मंडपवाला हाय?"

तेव्हापासून जांभळं आली नाहीत. आई बाजारातून आणायची. आरशासमोर कोणी जायचं नाही.

घरात मामाचं नाव मात्र सतत असायचं. भेंडी चिरताना, "भाऊकडची भेंडी कशी कोवळी असायची." पाऊस लांबला की, "भाऊची पेरणी राहिली असेल." बाबा एकदा म्हणाले, "अगं, मग जाऊन ये ना." ती म्हणाली, "कशाला जाऊ? काही निमित्त नको?" आपल्याकडे रुसलेल्या माणसाकडे निमित्ताशिवाय जाता येत नाही. निमित्त असलं की जाणारा लहान होत नाही आणि घरातला मोठा राहतो.

तो मे महिना असा गेला. सकाळी कैऱ्या, दुपारी क्लास, मध्येच वीज जायची. लोडशेडिंगचं वेळापत्रक सरांनी दाराला चिकटवलं होतं, पण वीज ते वाचत नसे. सगळ्या पडद्यांवर एकदम काळोख व्हायचा आणि पोरं एका सुरात ओरडायची. ज्याने सेव्ह केलं नसेल त्याचं गेलं. आई प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करायची. पंखा बंद पडला की वहीने वर्गाला वारा घालायची, शाळेत घालते तसा. खालच्या मशिनीही थांबायच्या. त्या शांततेत बटणांच्या दुकानातला माणूस बरणी पालथी करून बटणं मोजतोय, हे ऐकू यायचं.

तिने तिच्या वर्गातल्या मुलांच्या गुणांची बेरीज करणारं फंक्शन लिहिलं. हाक बरोबर मारली, कंसांत गुण घातले. पडद्यावर आलं, 'अनडिफाइंड'. तिने चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"काम तो किया उसने, मॅडम," सर वाकून म्हणाले. "लेकिन आपको वापस कुछ दिया नहीं. रिटर्न लिखा नहीं ना आपने."

"म्हणजे आला, सगळं केलं आणि न बोलता गेला?"

"हां. ऐसाच."

"आमच्या पाहुण्यांत आहेत असे," आई म्हणाली, आणि वर्ग हसला. तीही हसली. ती चांगली हसायची. वर्गात शिकवणाऱ्या बाईचं हसणं, दाराकडे एक नजर ठेवून.

कोर्सच्या शेवटी प्रत्येकाने एक पान करायचं होतं. रोशनने मोटरसायकलींचं केलं. मी माझ्या आवडत्या पुस्तकांचं, ते कोणी पुरतं वाचलं नाही. आईने आजोळच्या घराचं केलं. विहीर, ओटा, जांभळाचं झाड. चित्रं तिने माऊसने काढली होती, झाड झाडूसारखं दिसत होतं. झाडाखाली एक बटण. बटणावर लिहिलेलं, 'भाऊ'.

मराठी अक्षरं त्या मशिनींवर धड उमटत नसत, म्हणून सगळं रोमन अक्षरांत. आणि तिथे ती अडली. बटण दाबलं की काही नाही, फक्त खाली कोपऱ्यात उद्गारचिन्हाचा पिवळा त्रिकोण. तो त्रिकोण म्हणजे पानावर चूक आहे. कुठे, ते तो नीट सांगत नसे. आई दोन दिवस शोधत होती. शेवटी मला दिसलं. वर फंक्शनला नाव देताना तिने भाऊ एका 'ए'ने लिहिला होता, खाली हाक मारताना दोन 'ए'ंनी. इंग्रजी शब्दाला स्पेलिंग असतं, चुकलं तर चुकलं म्हणता येतं. आमच्या शब्दांना रोमनमध्ये स्पेलिंगच नाही. सकाळी एक लिहायचं, दुपारी दुसरं, दोन्ही बरोबर.

"भाऊ एकच आहे हो माझा," आई सरांना म्हणाली. "तुमच्या मशिनीत दोन झाले."

"तो दोनों में से एक को बुलाओ, मॅडम."

तिने एक 'ए' पुसला. बटण दाबलं. पडद्याच्या मध्यावर करडी चौकट आली आणि तिच्यात दोन अक्षरं. वाय, ई.

रोशन मागून वाकला. "ये? ये क्या, काकू?"

सरांनीही वाचलं. "ये... क्या? आगे कुछ लिखना रह गया क्या? आधा जुमला लगता है, मॅडम."

त्यांच्या हिंदीत 'ये' म्हणजे 'हे'. ते पुढच्या शब्दाची वाट बघत होते.

"ये म्हणजे आओ," आई म्हणाली. "मराठी आहे. पूर्ण आहे."

सरांनी चौकट पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "संडे को छोटासा फंक्शन रखा है. सबका पेज बडे कॉम्प्युटर पे दिखाएंगे. घरवालों को लेके आओ."

आईला निमित्त मिळालं.

शुक्रवारी तिने हिरवी नऊवारी नाही, पण आजीची निळ्या काठाची साडी नेसली. करंड्यात कुंकू भरलं, पुडीत अक्षता बांधल्या, आणि आम्ही कुळगावला गेलो. तिथून पुढे चालत. भेंडीच्या शेतात पाणी सोडलेलं होतं आणि ओल्या मातीचा गारवा पायांना लागत होता. मामी दारात होती. तिने आईला बघितलं आणि आधी पदर नीट केला, मग डोळे पुसले.

मामा ओट्यावर बसून टोपलीचा काठ बांधत होता. हात थांबले नाहीत.

"वाट चुकलीस का गो?"

"नाही. बोलवायला आले."

"आता कोनाचं लगीन हाय?"

"लग्न नाही. माझंच फंक्शन आहे. कॉम्प्युटरचं."

मामाने आता मान वर केली. "तुजं? या वयात? आता काय इंजिनेर व्हनार काय?" मामी आतून हसली. आईही हसली, पण तिचा करंडा धरलेला हात तसाच पुढे होता. तिने आधी मामीला कुंकू लावलं. मग मामाच्या कपाळाला बोट टेकवलं, हातावर अक्षता ठेवल्या. मामाने मूठ मिटली. टोपली मांडीवरून घसरली, ती त्याने उचलली नाही.

"रविवारी. कॅम्प चारला. बटणांच्या दुकानावर," आई म्हणाली.

"बघू," मामा म्हणाला.

'बघू' हा आपला एक विलक्षण शब्द. त्यात हो नसतं, नाही नसतं. ऐकणाऱ्याने आपापल्या जिवाप्रमाणे त्यात काय भरायचं ते भरावं. आईने त्यात हो भरलं. परतीच्या वाटेवर ती माझ्यापुढे चालत होती आणि मला तिची बोटं दिसत होती, कुंकवाने लाल झालेली. ती पुसायचं तिच्या लक्षात नव्हतं.

रविवारी सरांनी समोसे मागवले होते, खुर्च्या भाड्याने आणल्या होत्या. बाबा आले, इस्त्रीचा शर्ट घालून. आईने शेजारची खुर्ची धरून ठेवली, तिच्यावर पर्स ठेवून. कोणी विचारलं की म्हणायची, "आहे, माणूस आहे." पानं दाखवणं सुरू झालं. जिन्यात पाऊल वाजलं की ती वळायची. कधी समोसेवाला, कधी कोणाची आजी. तिची पाळी आली तेव्हा ती हळूच सरांना म्हणाली, "माझं शेवटी घेता?" सरांनी घेतलं. शेवट आला. तिने उभं राहून विहीर दाखवली, ओटा दाखवला. बटण दाबलं. चौकट आली. पिवळा त्रिकोण नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आम्ही रिक्षाने परत निघालो. अंबरनाथ जवळ आल्यावर आई म्हणाली, "नाव बरोबर होतं. कंसही लावले होते."

मग थोड्या वेळाने, "त्याच्याकडे परत द्यायला काही नसेल तेव्हा. नसतं एकेकाकडे."

ती कुळगावला पुन्हा गेली नाही. पण त्यानंतर भेंडी चिरताना मामाबद्दल तक्रारीचा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नाही. तिने तिचं काम केलं होतं. त्या समजुतीवर ती पुढची काही वर्षं जगली, आणि मग तो मंगळवार आला.

तेराव्याच्या दिवशी पंगत उठल्यावर मामा माझ्याजवळ येऊन बसला. माझ्या कॉम्प्युटरकडे बोट केलं.

"ता काय केल्तं तिनं तवा? दाखव ना."

मी कपाटातून आईच्या पानाची फ्लॉपी काढली. घातली. मशीन घरघरलं, थांबलं, आणि म्हणालं की फ्लॉपी वाचता येत नाही. मी पुन्हा घातली. मामा पडद्याकडे बघत राहिला, जणू थोडं थांबलं की येईल.

"नाही उघडत, मामा."

"काय होतं त्यात?"

मी सांगितलं. विहीर, ओटा, झाड. झाडाखाली बटण, त्याच्यावर त्याचं नाव.

"आनि दाबलं की?"

"दाबलं की 'ये' यायचं."

"येवढंच?"

"एवढंच."

मामाने गुडघ्यावर हात ठेवले. मग म्हणाला, "फोनवर पन ताच म्हनली होती. साखरपुडा हाय, भाऊ, ये." त्याने ते एखादा हिशोब शेवटी जुळावा तसं सांगितलं. "ताच म्हनली होती, पोरी. दुसरं काय म्हनायचं असतं?"

आत बायका भांडी घासत होत्या. कोणीतरी आईच्या करंड्याचं झाकण शोधत होतं.

यंदाही मी त्या धड्यापाशी आले. फळ्यावर नाव लिहिलं, पुढे कंस काढले. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, आत काही नाही तर कंस कशाला?" मी तिला म्हटलं, काढून बघ. तिने काढले. मी सगळ्यांना सांगितलं की नाव घेणं आणि बोलावणं ही दोन कामं आहेत, आणि ही चूक सगळ्यांकडून होते. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पलीकडे माणसं कधीकधी पहिल्या हाकेलाच उठलेली असतात, फक्त आपल्या पानावर ते दिसत नाही, हे मात्र मी सांगितलं नाही. मला तरी ते कुठे नक्की माहीत आहे.

आई नाही. फ्लॉपी कपाटात आहे, ती उघडत नाही. मेच्या अखेरीला मामा टोपली घेऊन येतो, आणि मी आणि बाबा जांभळं खातो.